कॅपिंग मशीनची देखभाल: स्प्रिंगला पाना लावण्याआधी काय काय बघायचं

बाटलीचं झाकण सैल निघालं की फिटरचा हात आधी स्प्रिंगच्या नटाकडे जातो. अर्धा फेरा आवळला की पुढच्या दहा-वीस बाटल्या ठीक निघतात. दुपारपर्यंत सीलच्या रिंगा तुटायला लागतात, मग तोच नट पाव फेरा ढिला. आठवडाभरात चार हेडच्या (हेड म्हणजे झाकण बसवणारा मशीनचा भाग) चार वेगळ्या सेटिंग होतात आणि मूळ सेटिंग काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. स्प्रिंग काही एका रात्रीत थकत नाही. काल नीट चाललेलं हेड आज बिघडलं असेल, तर चिकटलेली साखर, अ‍ॅल्युमिनियमचा भुगा, अडकलेला रोलर किंवा बदललेला बाटलीचा लॉट, यातलंच काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. खाली दिलेल्या क्रमात स्प्रिंग शेवटी येते ती म्हणूनच.

नाशिकच्या पट्ट्यात मुख्यतः दोन जातींची मशीन दिसतात. सातपूर, अंबड, सिन्नरकडच्या सिरप भरणाऱ्या युनिटमध्ये आणि विंचूर-दिंडोरीकडच्या वायनरीत आरओपीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं कोरं झाकण बाटलीवर ठेवून तिथल्या तिथे रोलरने आटे पाडणारं. ज्यूस, पाणी, सॉस यांच्या प्लास्टिक झाकणांना स्क्रू कॅपिंग, म्हणजे आधीच आटे असलेलं झाकण ठरावीक जोराने फिरवून बसवणारं. इथे भर आरओपीपीवर आहे, कारण त्यात बिघडायला जागा जास्त.

हात घालण्याआधी

मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, चावी ज्याचा हात मशीनमध्ये जाणार त्याच्याच खिशात. हवेचा कॉक बंद करून लाइनमधली हवा सोडा आणि गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. अडकलेली बाटली सोडवली की सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा सुटते आणि दांडा झटक्यात पुढे येतो. बोटं चेपतात ती बहुधा अशीच. तपासणीसाठी मशीन फिरवायचं ते हँडव्हीलने. इंचिंगच्या (मशीन थोडं थोडं पुढे सरकवण्याच्या) बटणावर एकाचं बोट आणि हेडमध्ये दुसऱ्याचा हात, ही पद्धत कितीही घाई असली तरी नको. काच उचलताना जाड हातमोजे घाला, पण फिरत्या हेडजवळ हातमोजा घालून जाऊ नका. रोलर तो ओढून घेतो.

शिफ्ट सुरू होताना

दहा मिनिटं पुरतात. हँडव्हीलने टरेटचा (हेडं बसवलेल्या फिरत्या भागाचा) एक पूर्ण फेरा काढा आणि कान द्या. कुठे जड लागलं, कुठे ‘कट्ट’ झालं, तर त्याच जागी थांबून बघा. सगळे रोलर बोटाने एकेकदा फिरवा. एअर फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा. गार्डचं दार उघडल्यावर मशीन थांबतं का, इमर्जन्सी बटण दाबल्यावर थांबतं का, बाटली नसताना झाकण सुटत नाही ना, या तीन गोष्टी रिकाम्या मशीनवर करून बघा. फोटोसेलची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. सिरपचा एक वाळलेला थेंब सेन्सरला बाटलीसारखाच वाटतो.

मग प्रत्येक हेडखालून एक, अशा बाटल्या काढा, त्यांवर मार्करने हेडचा नंबर टाका आणि तपासा. हेडचे नंबर मशीनवर कोरलेले नसतील तर आजच पंच करून घ्या. नंबराशिवाय कॅपिंगचा एकही बिघाड नीट शोधता येत नाही.

साखर पाण्याने जाते, स्पिरिटने नाही

शिफ्ट संपताना वीस-पंचवीस मिनिटं साफसफाईला द्या. सिरप लाइनवर हमखास होणारी चूक म्हणजे हेडवर वाळलेली साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासत बसणं. साखर त्यात जवळपास विरघळतच नाही. पापुद्रा तसाच राहतो, वरून मात्र चकचकीत दिसतो. आधी कोमट पाण्यात पिळलेलं कापड पापुद्र्यावर दोन-तीन मिनिटं धरून ठेवा, साखर सुटली की पुसून घ्या, पुन्हा एकदा स्वच्छ ओल्या कापडाने पुसा आणि मग ७० टक्के अल्कोहोलचा हात फिरवा. अल्कोहोल निर्जंतुक करायला आणि ओल उडवायला, साखर काढायला नाही.

पाण्याचा पाइप हेडवर मारू नका. एअर गननेही झाडू नका. दोन्हींमुळे काचेची बारीक कच आणि साखर रोलरच्या पिनमध्ये आणि बेअरिंगच्या सीलखाली जाते, आणि महिन्याभराने ते हेड आवाज करायला लागतं. भुगा काढायला नायलॉनचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. साफसफाई नेहमी वरून खाली: हॉपर (झाकणं ओतायची टाकी), च्यूट (झाकणं खाली सरकायची वाट), हेड, स्टार व्हील (बाटल्या खाचांत धरून नेणारं चाक), शेवटी कन्व्हेअर. उलट क्रमाने केलीत तर साफ केलेल्या जागेवर पुन्हा भुगा पडतो.

सॉसच्या लाइनवर साखरेपेक्षा आंबटपणाचा त्रास जास्त. टोमॅटो आणि व्हिनेगरचं आम्ल स्टेनलेसला फारसं काही करत नाही, पण साध्या पोलादाच्या स्प्रिंगा आणि नट गंजवतं. तिथे शिफ्टअखेरची पुसणी उद्यावर टाकू नका. फिलर (बाटल्या भरणारं मशीन) कॉस्टिकने धुताना त्याचा फेस कॅपिंगवर उडणार नाही अशी आडोशाची शीट लावा. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. च्यूटमध्ये राहिलेली झाकणंही काळी पडतात.

झाकण खाली उतरण्याची वाट

हॉपर किंवा बाऊल निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. एक खोकं एकदम ओतलं की पुन्हा यायला नको, असा ऑपरेटरचा हिशोब असतो. पण खालची झाकणं वरच्यांच्या वजनाखाली एकमेकांवर घासतात, रंग खरवडतो, अ‍ॅल्युमिनियमचा करडा भुगा तयार होतो आणि तोच पुढे च्यूटमध्ये, प्रेशर ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. आपण हेडमधून भुगा काढत राहतो आणि तो जन्मतो हॉपरमध्ये.

च्यूट कोरड्या कापडाने पुसा. झाकणं सरकत नाहीत म्हणून तेलाचा बोळा फिरवू नका. तेलावर भुगा बसून तासाभरात काळा लेप होतो आणि तो झाकणाच्या आत लायनरला (बाटलीचं तोंड सील करणाऱ्या चकतीला) लागतो. झाकण च्यूटमध्ये आडवं होता कामा नये, आणि सरकायला साधारण अर्धा मिलिमीटर मोकळीक हवी. वाकलेल्या झाकणामुळे कडा पसरल्या असतील तर व्हर्नियरने चार ठिकाणी माप घ्या आणि ठोकून नाही, बोल्ट सैल करून सरळ करा.

च्यूटच्या टोकाला झाकण तिरकं टांगलेलं असतं आणि खालून जाणारी बाटली ते ओढून नेते. झाकणाची पुढची, म्हणजे बाटली जायच्या दिशेची कड बाटलीच्या तोंडापेक्षा २ ते ३ मिलिमीटर खाली हवी आणि मागची कड तोंडाच्या वर. पुढची कड उंच राहिली तर बाटली झाकण न घेताच जाते. फार खाली असली तर झाकण तोंडाच्या बाहेरच्या बाजूला आपटतं, तिरपं बसतं किंवा चेपतं. दोन्ही बाजूंच्या पकडणाऱ्या पट्ट्यांचा ताण सारखा आहे का तेही बघा. एक पट्टी मऊ पडली की झाकणं नेहमी एकाच बाजूला कलतात.

व्हायब्रेटरी बाऊल मंद पडला की आधी कंट्रोलरचा नॉब वाढवला जातो. त्याआधी बाऊलखालच्या पानपट्टी स्प्रिंगांपैकी एखादी तडकली आहे का आणि तिचे बोल्ट घट्ट आहेत का ते बघा. तडकलेल्या स्प्रिंगवर नॉब वाढवलात तर कॉइल तापते.

हेड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आरओपीपीच्या एका हेडमध्ये साधारणपणे चार रोलर असतात. दोन आटे पाडणारे, दोन खालची पिल्फर रिंग (उघडताना तुटणारी सीलची रिंग) बाटलीच्या कड्याखाली वळवणारे. मध्ये प्रेशर ब्लॉक, जो झाकण वरून दाबून धरतो, आणि त्यातच झाकण बाहेर ढकलणारा इजेक्टर.

आट्याचा रोलर दोन प्रकारे मोकळा हवा. एक, स्वतःभोवती फिरायला हवा. दोन, पिनवर वर-खाली सरकून स्प्रिंगने आपोआप मूळ जागी यायला हवा, कारण बाटलीचा आटा तिरका उतरतो आणि रोलरला त्याच्यामागे खाली जायचं असतं. अंगठ्याने खाली दाबून सोडा. टचकन वर आला तर ठीक. आळसावत आला किंवा मध्येच थांबला, तर पिनवर साखर किंवा सुकलेलं ग्रीस आहे. असा रोलर पुढच्या झाकणावर आट्याच्या मध्यापासूनच सुरुवात करतो आणि झाकणावर दोन ओरखडे दिसतात, एक खरा आटा आणि एक भलताच. पिल्फरच्या रोलरला मात्र वर-खाली हालचाल नको. तो हलत असेल तर वॉशर झिजलेत.

आता रोलरची कड. अंगठ्याच्या नखाने कडेवरून हळूच एक फेरा काढा. नवा रोलर नखाखाली गुळगुळीत, गोलसर लागतो. झिजलेल्या रोलरवर नख एका जागी अडखळतं, तिथे काचेचा टवका लागून खाच पडलेली असते. किंवा कड सपाट झालेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक धार लागते. खाच पडलेला रोलर प्रत्येक झाकणावर ठरावीक अंतराने टिंब उठवतो, धार आलेला झाकण कापतो, सपाट झालेला उथळ आटा पाडतो. खाच घासून काढायचा मोह होतो, पण घासलं की व्यास कमी होतो आणि समोरच्या रोलरशी जोडी बिघडते. रोलर जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना ठेवलात की नव्याच्या बाजूला झाकण जास्त दबतं.

रोलरच्या पिनला आठवड्यातून एकदा फूड ग्रेड तेलाचा एक थेंब. एक म्हणजे एकच. जास्तीचं तेल फिरत्या हेडमधून बाटलीवर उडतं आणि लेबल चिकटत नाही. मग लेबलिंगवाला गोंदाला नावं ठेवतो.

प्रेशर ब्लॉकच्या आतल्या खोबणीत भुगा दाबून बसतो आणि पत्र्यासारखा टणक होतो. तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलात तर आत चरा पडतो आणि तोच चरा प्रत्येक झाकणाच्या माथ्यावर छापला जातो. इजेक्टर बोटाने दाबून बघा. तो अडकला की झाकण ब्लॉकला चिकटून वर उचललं जातं, कधी बाटलीसकट.

वरचा दाब बरोबर आहे का हे मोजायला लोडसेल असेल तर उत्तम. वाइनच्या ३० × ६० मिलिमीटर झाकणाला साधारण १६० ते २०० किलो दाब लागतो, सिरपच्या छोट्या झाकणांना त्याहून कमी. नेमका आकडा झाकण बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्या, कारण पत्र्याची जाडी आणि लायनर बदलला की तो बदलतो.

लोडसेल नसेल तर लायनर वाचायला शिका. प्रत्येक हेडखालची एक बाटली घ्या, झाकण उघडून आतला लायनर बाहेर काढा आणि उजेडात तिरपा धरा. बाटलीच्या तोंडाची गोल खूण त्यावर उमटलेली दिसते. ती सगळीकडे सारख्या खोलीची आणि अखंड असेल तर दाब आणि मध्य दोन्ही बरोबर. एका बाजूला खोल आणि समोर पुसट असेल तर दाब कमी नाही, हेड किंवा बाटली तिरपी आहे. इथे स्प्रिंग आवळून काही होणार नाही. सगळीकडे सारखीच पुसट असेल तर मात्र दाब कमी. लायनर कापला गेला असेल तर दाब जास्त, किंवा बाटलीच्या तोंडाला काचेची शिवण वर आलेली.

बाजूच्या दाबासाठी साधा स्प्रिंग काटा चालतो. हेड थांबलेलं असताना काट्याचा हूक रोलरच्या आर्मला अडकवून सरळ बाहेर ओढा आणि आर्म हलायला लागताना काटा किती दाखवतो ते लिहा. वाइनच्या झाकणाला आट्याच्या रोलरवर साधारण १० किलो आणि पिल्फरच्या रोलरवर ७ ते ८ किलोच्या आसपास मिळतं. आकड्याइतकंच महत्त्व समोरासमोरच्या जोडीतल्या फरकाला आहे. तो अर्ध्या किलोच्या आत ठेवा. हे मोजमाप महिन्यातून एकदा, आणि दर वेळी आर्मवरच्या त्याच जागी हूक लावून. हूक दोन सेंटिमीटर सरकला तरी आकडा बदलतो.

उंची आणि मध्य

काचेच्या बाटल्यांच्या उंचीत एकाच लॉटमध्येही फरक असतो. नवा लॉट आला की वीसेक बाटल्या हाइट गेजवर मोजा, सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी बाजूला काढा आणि हेडची उंची या दोघींवर तपासा. हँडव्हीलने हेड सगळ्यात खालच्या बिंदूवर आणा. बुटक्या बाटलीवरही प्रेशर स्प्रिंग दबली पाहिजे, आणि उंच बाटलीवर ती पूर्ण मिटता कामा नये. पूर्ण मिटलेली स्प्रिंग म्हणजे लोखंडी ठोकळा. बाटलीची मान तिथेच जाते. सरासरी उंचीच्या बाटलीवर सेट केलं की दर काही मिनिटांनी एक फुटणारच.

मध्य बघायला एक बाटली स्टार व्हीलच्या खाचेत ठेवा, हेड झाकणाच्या अगदी वर आणा आणि फीलर गेजने पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फट मोजा. चारही सारख्या हव्यात. फरक एकाच हेडला असेल तर त्या खाचेचं प्लास्टिक झिजलंय किंवा बाटलीखालची चकती बसलीय. सगळ्या हेडना एकाच दिशेने असेल तर स्टार व्हीलचं टायमिंग सरकलंय. टायमिंग बरोबर असताना शाफ्ट आणि हबवर पंचाची खूण करून ठेवली असेल तर ते परत आणायला पाच मिनिटं लागतात, नसेल तर अर्धी शिफ्ट जाते.

स्क्रू कॅपिंगचा टॉर्क

प्लास्टिक झाकणासाठी सुरुवातीचा अंदाज: झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याच्या निम्मा आकडा म्हणजे बसवायचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) इंच-पाउंडमध्ये. २८ मिलिमीटरला १४ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १६ किलो-सेंटिमीटर. हा फक्त मशीन सुरू करण्यापुरता. पक्का आकडा झाकण आणि बाटलीच्या तपशिलातून घ्या.

टॉर्क मीटरवर आपण मोजतो तो उघडण्याचा टॉर्क, आणि तो बसवण्याच्या टॉर्कपेक्षा कमी असतो. प्लास्टिक हळूहळू सैलावत असल्याने २४ तासांनी आणखी कमी होतो. ताज्या बाटलीचा आकडा आणि कालच्या बाटलीचा आकडा एकाच रकान्यात लिहिलात तर नोंदवहीचा उपयोग शून्य.

प्रत्येक हेडच्या पाच बाटल्या मोजा. एकच हेड बाकीच्यांपासून दूर असेल तर दोष त्या हेडचा: झिजलेला चक इन्सर्ट (झाकण पकडणाऱ्या भागातलं आतलं अस्तर), मळलेला मॅग्नेटिक क्लच (ठरलेल्या टॉर्कला घसरणारा चुंबकी भाग), अडकणारं बेअरिंग. सगळीच हेडं एकदम खाली किंवा वर गेली असतील तर हेडला हात लावू नका. झाकणांचा लॉट, बाटलीच्या मानेवर सांडलेला माल, मशीनचा वेग आणि तापमान बघा. ओली मान साखरेमुळे वंगणासारखी वागते आणि वाळल्यावर गोंदासारखी, त्यामुळे आज सैल वाटणारं झाकण उद्या ग्राहकाला उघडत नाही.

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे आणखी खाली. पत्र्याच्या गोदामात रात्रभर पडलेली प्लास्टिकची झाकणं सकाळी कडक असतात, लायनर दबत नाही आणि आठ वाजताचं सेटिंग दुपारी दोनला चुकीचं ठरतं. दुसऱ्या दिवशी लागणारी खोकी आदल्या संध्याकाळीच हॉलमध्ये आणून ठेवा. क्लच फिरवत बसण्यापेक्षा हे स्वस्त.

मॅग्नेटिक क्लचच्या चकत्यांमध्ये लोखंडाचा कीस चिकटतो आणि कापडाने तो नुसता इकडून तिकडे जातो. रुंद चिकटपट्टी दाबून उचला, एका ओढीत निघतो. चकचा रबर किंवा पीयू इन्सर्ट चकचकीत झाला की तो झाकणावर घसरतो. वर पॉलिश पेपर मारून दोन दिवस ढकलता येतात, पण इन्सर्ट मागवायला टाकूनच.

तेल, ग्रीस आणि हवा

वर्म गिअर बॉक्समध्ये उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचं तेल, बहुधा व्हीजी २२० किंवा ३२०. नव्या मशीनचं पहिलं तेल सुमारे ५०० तासांनी बदला, कारण पहिल्या घासणीचा पितळी कीस त्यातच असतो; नंतर २,५०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. कॅमच्या खोबणीवर आणि फॉलोअरवर आठवड्याला ब्रशने पातळ थर द्या, आधीचा काळा थर पुसून. निपलला ग्रीस गन लावण्याआधी निपल पुसा, नाहीतर निपलवरची धूळच गनने आत ढकलता. बहुतेक छोट्या बेअरिंगला दोन झटके पुरे. सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारू नका. दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात, म्हणून गनवर ग्रीसचं नाव लिहून ठेवा. बाटलीच्या तोंडाच्या वर जे काही आहे तिथे फूड ग्रेड एच-१ (खाण्याच्या मालाला चुकून लागलं तरी चालणारं) सोडून दुसरं काही नको.

हवेचा दाब मशीनच्या पाटीवर लिहिलेला ठेवा, बहुधा ६ बारच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये फिल्टरची वाटी शिफ्टमधून दोनदा रिकामी करा. लुब्रिकेटरमधून तेल देत असाल तर देतच राहा. आजच्या बहुतेक सिलिंडरना बाहेरच्या तेलाची गरज नसते, पण एकदा तेल सुरू केलं की कारखान्यात भरलेलं मूळ ग्रीस धुऊन जातं आणि मग तेल बंद केल्यावर सील कोरडे पडतात.

विजेच्या बाजूला तीन महिन्यांतून एकदा सप्लाय बंद करून टर्मिनल आवळा, पॅनलच्या पंख्याची जाळी साफ करा, अर्थिंगचा बोल्ट बघा. वीज मध्येच गेली तर परत सुरू करण्याआधी हँडव्हीलने टरेट फिरवून हेडखाली अडकलेल्या बाटल्या काढा. थेट स्टार्ट दिलात तर अर्धवट दाबलेल्या बाटल्या एकदम फुटतात.

बिघाड दिसला की कुठून सुरुवात करायची

झाकण बाटलीवर नुसतंच गोल फिरतंय: आटा उथळ आहे. रोलर फिरतो का, कड सपाट झालीय का, मग बाजूचा दाब. वरचा दाब कमी असला तरी आटा उथळ येतो, कारण झाकण खाली धरलेलंच नसतं.

सीलच्या रिंगेचे पूल (रिंग झाकणाला जोडणारे बारीक दुवे) मशीनवरच तुटतायत: पिल्फर रोलरची उंची आधी. तो काचेच्या कड्याच्या अगदी खाली यायला हवा; कड्यावरच येत असेल तर रिंग ताणली जाऊन तुटते. त्यानंतर आट्याच्या रोलरचा जास्तीचा दाब, तो झाकण वर-खाली ओढतो. दोन्ही ठीक असतील तर वेगळ्या लॉटची शंभर झाकणं चालवून बघा. पूल कमजोर कापलेला लॉट येतो, आणि त्याला मशीनवर उपाय नाही.

रिंग तुटत नाही पण उघडताना सगळीच वर निघून येते: पिल्फर रोलर खाली उतरलाय किंवा फिरत नाही, रिंग कड्याखाली वळलीच नाही.

झाकण दिसायला उत्तम पण बाटली आडवी केली की गळते: लायनरची खूण बघा, वर सांगितल्याप्रमाणे. खूण चांगली असेल तर बाटलीच्या तोंडावर बोट फिरवा. टवका उडालेला असतो. खात्रीसाठी बाटल्या टिश्यू पेपरवर आडव्या ठेवा. बारीक गळती डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर डाग पडतो.

मान फुटतेय: उंची, मध्य, वरचा दाब, याच क्रमाने. फुटलेल्या बाटल्या एकाच नंबरच्या हेडखालच्या आहेत का ते आधी मोजा. आणि बाटली फुटली की दोन्ही शेजारच्या हेडखालच्या बाटल्याही बाजूला काढा, काच उडून त्यांत गेलेली असू शकते. रोलर, ब्लॉक आणि च्यूटचं टोक साफ केल्याशिवाय सुरू करू नका.

हे सगळं बघून झालं आणि तरी आकडा कमी येतोय, तर आता स्प्रिंग. बाहेर काढा, मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा, नव्या स्प्रिंगशी ताडा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त आखूड झाली असेल तर नट आवळून भागवू नका, त्या हेडचा अख्खा सेट बदला. ठीक असेल तर नटावर आणि बॉडीवर मार्करने रेघ मारा, मगच पाव फेरा फिरवा आणि नोंदवहीत हेड नंबर, तारीख आणि फेरा लिहा.

सुटे भाग

प्रत्येक झाकणाच्या साइजसाठी रोलरचा एक पूर्ण सेट, स्प्रिंगांचा एक सेट, पिना आणि वॉशर, एक प्रेशर ब्लॉक, दोन चक इन्सर्ट, एक फोटोसेल, एअर सिलिंडरची सील किट. यापेक्षा कमी ठेवलंत तर शनिवारी रात्री अडकता.

रोलर अंबड-सातपूरच्या टूल-रूममध्ये करून घेण्यात काही गैर नाही, तिथे कामाला हात चांगले आहेत. पण नमुना म्हणून झिजलेला रोलर देऊ नका; टूल-रूमवाला झीजही हुबेहूब उतरवतो. नवा रोलर किंवा ड्रॉइंग द्या. मटेरियल ईएन-३१ किंवा डी-२, हार्डनिंग ५८ ते ६० एचआरसी, आणि घेताना एका रोलरची हार्डनेस समोर तपासून घ्या. मऊ रोलर पहिल्या आठवड्यात अप्रतिम चालतो आणि तिसऱ्या आठवड्यात सपाट होतो.

मोठं काम कधी काढायचं हे मालावरून ठरवा. सॉसवाल्यांनी पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढण्याआधी, म्हणजे जुलैपर्यंत हेडं उतरवून उघडून घ्यावीत. वायनरीत जानेवारी ते मार्च सगळे हात द्राक्षांच्या क्रशिंगला लागतात, तेव्हा कॅपिंगला फिटर मिळत नाही; डिसेंबरच्या आत उरका.

दिवाळीच्या सुट्टीआधी हेडं नेहमीपेक्षा नीट धुऊन पूर्ण कोरडी करा, उघड्या पोलादावर फूड ग्रेड तेलाचा पुसट हात फिरवा, हॉपर आणि च्यूट रिकामे करा, हवा सोडा, टरेटवर कापड झाका. प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो. टरेट थांबवताना कुठल्याही हेडखाली बाटली राहू देऊ नका, नाहीतर आठ दिवस स्प्रिंग दबलेली राहते. परत सुरू करताना तेल पुसा, हँडव्हीलचे तीन फेरे काढा, रिकामं मशीन मंद वेगात पाच मिनिटं चालवा. मग प्रत्येक हेडखालून पाण्याच्या पाच-पाच बाटल्या काढून लायनर आणि टॉर्क बघा, आणि त्या बाटल्या फोडून टाका, मालाच्या खोक्यात जाऊ देऊ नका.